तुरसिनचं झबलं

१

सैगा हरणाची पाडसं मोजायची तर पहाटच गाठावी लागते. आया चरायला लांब गेलेल्या असतात आणि पाडसं गवतात हनुवटी टेकून पडलेली असतात. अगदी निपचित. माणूस जवळ आला तरी पापणी हलवत नाहीत. जगात आल्यावर तेवढी एकच विद्या त्यांना येते आणि पहिल्या दिवसाला ती पुरते.

नागिमाला या कामात कुणी शिकवावं असं काही उरलं नव्हतं. बेतपाक-दालाच्या माळावर दर मे महिन्यात ती येत होती. राजधानीतल्या संस्थेत वर्षभर पेशी वाढवायच्या आणि कळप विणीला बसला की तंबू, डबा-गाडी आणि खोकीभर बाटल्या घेऊन इथे यायचं. हातमोज्यांना रानदवणा चोळायचा, म्हणजे पाडसाला माणसाचा वास लागत नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाने जायचं. पाडसाच्या डोळ्यांवर कापड टाकायचं, झोळीत घालून ताणकाट्याला लटकवायचं, कानाचा कपचा घ्यायचा आणि होतं तिथेच, तोंड होतं त्याच दिशेला परत ठेवायचं. मग मागे वळून बघायचं नाही. एकदा हात लावलेल्या पाडसाकडे पुन्हा जायचं नाही, हा नियम तिनेच घालून दिला होता.

"पहिल्या दिवशी पाडस तुमचं, आपा," ड्रायव्हर अशिमखान दरवर्षी नव्या पोरापोरींना ऐकू जाईल असं म्हणायचा. "तिसऱ्या दिवशी ते माळाचं. मग ते पळालं की माझी जीपसुद्धा तोंडात बोट घालून बसते."

त्या सकाळी डोळे झाकायच्या पिशव्या तंबूत राहिल्या. राउशानचा हा पहिलाच मोसम. पोरगी कामाला वाघ, पण विसरभोळी. पाडस नागिमाच्या हातात होतं, नुकतंच झालेलं, नाळ ओली, आणि लांब कुठेतरी कळप अस्वस्थ होऊन ओरडत होता.

"आपा, मी पळत जाऊन आणते!"

"तू येईपर्यंत याचं काळीज फुटेल. राहू दे."

नागिमाने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. खिशात झबलं होतं. तिचा नातू, तुरसिन, वेळेच्या फार आधी जन्मलेला, जिल्ह्याच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होता. त्याच्यासाठी तिने ते स्वतः शिवलं होतं, नव्वदी पार करून गेलेल्या आपल्या आईच्या पांढऱ्या ओढणीतून. कडा दुमडलेल्या नव्हत्या. जन्मल्यावर पहिलं अंगाला लागतं ते झबलं असंच शिवतात. चाळीस दिवस बाळाने ते घालायचं, मग खाऊची पुरचुंडी बांधून ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचं आणि गावातल्या पोरांनी कुत्र्यामागे धावायचं. बाळावरची पीडा कुत्र्याबरोबर जाते. पण पेटीत बाहेरचं कापड चालत नव्हतं. झबलं कोरंच राहिलं आणि नागिमा ते छातीशी घेऊन माळावर आली.

तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने ते पाडसाच्या डोळ्यांवर टाकलं. क्षणभराचं तर काम होतं.

२

चहाच्या वेळी डबा-गाडीत कोट काढताना खिसा हलका लागला.

झबलं पाडसावरच राहिलं होतं. त्याला परत ठेवून ती घाईने पुढच्या पाडसाकडे गेली होती आणि मागे वळून न बघण्याची सवय आड आली होती. आता पाडसाची आई परतली असणार, आता जाणं बरं नव्हे. नागिमाने स्वतःला समजावलं आणि दुपारी ती टेकाडावर फोन लावायला गेली. टेकाडावर जुन्या कबरी होत्या आणि फोन फक्त तिथेच लागायचा. मेलेल्यांना रेंज फुल्ल, असं अशिमखान म्हणायचा.

"कसा आहे?"

"आहे," तिची लेक तोल्गानाय म्हणाली. "वजन कालच्याइतकंच."

"असू दे. कमी नाही ना झालं?"

"नाही. आई, मी हात घालून त्याच्या तळव्याला बोट लावलं, तर त्याने धरलं."

तोल्गानायचं आधीचं एक बाळ राहिलं नव्हतं. म्हणून तर याचं नाव तुरसिन, म्हणजे टिकू दे, राहू दे. नागिमाला रडू आलं. ते तिने वाऱ्यावर सोडलं आणि आवाज नीट करून म्हणाली, "धरणारच. आपल्या वळणावर गेलाय."

दुसऱ्या पहाटे ती एकटीच गेली. नियम मोडतोय हे तिला कळत होतं. पाडस तिथे नसेल, झबलं गवतात कुठेतरी मिळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

पाडस तिथेच होतं. तसंच, हनुवटी जमिनीला टेकून, तोंड उगवतीकडे. आणि त्याच्या अंगात झबलं होतं. पुढचे दोन्ही पाय दोन्ही बाह्यांतून बाहेर काढलेले. गळ्याशी बंद बांधलेला, दोन गाठींचा, आया बांधतात तसा.

३

"अशिमखान! असली थट्टा मला आवडत नाही."

अशिमखान जीपच्या पोटाखाली आडवा होता. तो तसाच घसरत बाहेर आला आणि तिचं ऐकून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"आपा, बाळाच्या पहिल्या कपड्याशी मस्करी? माझ्या आईने मला चाबकाने सोलला असता. ती गेली तरी अजून भीती वाटते तिची." मग हळूच, "माझा अक्तोस त्या झबल्यासाठी राखून ठेवलाय ना मी? मी कशाला हात लावीन?"

पायांशी त्याचा छातीवर पांढरा ठिपका असलेला कुत्रा शेपटी हलवत होता. अशिमखान खोटं बोलत नव्हता. राउशानला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण तिला बंद बांधता येत नव्हते, बुटांचे सुद्धा.

नागिमाने विचार केला. पाडस धडपडलं असेल, कापडात पाय अडकले असतील. बंद? वाऱ्याने बंदाला पीळ पडतो, पिळाला आपण गाठ म्हणतो. भल्या माणसाने एवढ्यावर समाधान मानलं असतं. झबलं सोडवताना तिच्या बोटांना मात्र गाठ चांगली घट्ट लागली होती, आणि पाडसाची नाळ अजून ओली होती. एका दिवसात ती सुकायला हवी. ताणकाट्याचा काटाही कालच्याच खुणेवर येऊन थांबला होता.

झबलं तिने खिशात घातलं. दुपारपर्यंत ते ऊबदार राहिलं.

टेकाडावर फोन लागला तेव्हा तोल्गानायला बोलता येत नव्हतं. नर्सबाईंनी तिच्या हातून फोन घेतला. सकाळी बाळाचा श्वास थांबला होता. निळा पडला होता. पाठ चोळली, तेव्हा परत सुरू झाला. इतक्या लहानग्यांचं असं होतं, घाबरू नका, म्हणाल्या.

"सकाळी कधी?"

"सूर्य उगवता उगवता."

अशा बाळांचं असं होतं, हे नागिमाला पुस्तकांतून पाठ होतं. मेंदूतला श्वासाचा भाग अजून कच्चा असतो. ते कारण खरं होतं, पुरेसं होतं आणि त्याने तिला जराही धीर आला नाही. संध्याकाळी पुन्हा तसंच झालं. या वेळी पाठ खूप वेळ चोळावी लागली.

दुसऱ्या पहाटे दवात गुडघे टेकून नागिमाने पाडसाला झबलं घातलं. एक पाय, मग दुसरा. ते तिच्याकडे न बघता निमूट पडून राहिलं. बंद बांधताना तिला आढळलं की आपण तोंडाने अंगाईचा सूर धरलाय, आणि ती गप्प झाली.

त्या दिवशी श्वास थांबला नाही. पुढेही नाही.

आयुष्यभर तिने मुलांना शिकवलं होतं की एकदा घडलं तर योगायोग, पुन्हा करून बघा, काढून बघा, घालून बघा. पण हा प्रयोग करायचा कुणावर? एकदा सकाळी पाडसाशी बसलेली असताना तिची बोटं बंदापर्यंत गेली, आणि मग ती बोटं तिने दुसऱ्या हाताने धरून मागे ओढली.

४

डबा-गाडीत सतत गुणगुण असायची. ऊबपेटीचा तो आवाज. कानांच्या कपच्यांतून सोडवलेल्या पेशी त्या पेटीत चपट्या बाटल्यांतून वाढायला ठेवलेल्या असत. पेशी आधी काचेला चिकटतात, पाय पसरतात, मग एकीच्या दोन होतात आणि बघता बघता काच भरते. बाकीच्या पाडसांच्या बाटल्या अशाच भरत चालल्या होत्या.

"आपा, ही बघा," सूक्ष्मदर्शकावरून मान काढत राउशान म्हणाली. "ही मेली का?"

ती त्याच पाडसाची बाटली होती. नागिमाने डोळा लावला. पेशी काचेवर तुरळक बसलेल्या होत्या, गोल, शांत, पहिल्या दिवशी होत्या तिथेच.

"मेल्या असत्या तर सुटून तरंगल्या असत्या."

"मग वाढत का नाहीत?"

"मला काय माहीत! थांबल्यात."

"कशासाठी थांबल्यात?"

राउशानने ते सहज विचारलं होतं. नागिमा उठली आणि तिने उगाचच खिडकी लावली. खिडकी लावल्यावर पेटीची गुणगुण मोठी झाली.

फोनवर तोल्गानाय रोज तेच सांगत होती. डॉक्टर बुचकळ्यात पडलेत. दूध पचतंय, ताप नाही, काही नाही, पण वजन तेवढंच. घटत नाही आणि वाढतही नाही. "जणू कुणीतरी त्याला धरून ठेवलंय, आई," ती म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. नागिमाला हसता आलं नाही.

पाडसाकडे ती रोज जात होती. त्याच्याभोवती गवत गोल तुडवलेलं होतं आणि सगळे खूर आतल्या बाजूला वळलेले. ते खूर उमटवणारी आई एका सकाळी दिसली. सैगाची मादी माणूस दिसला की धूळ उडवत पसार होते. ही उभी होती. लोंबत्या जाड नाकाने संथ श्वास घेत उभी होती. पाडसाकडे तिचं लक्ष नव्हतं. ती नागिमाकडे बघत होती, दुकानात आपली पाळी येईपर्यंत बाई उभी राहते तशी.

५

विणीचा काळ सरला आणि कळप उत्तरेला सरकू लागला. तळ उठवायची वेळ आली. तंबू उतरले, राउशानने बाटल्या कापसात बांधायला घेतल्या आणि नागिमाचा जीव टांगणीला लागला. कळप गेला की पाडस एकटं पडणार. वर गरुड होते, रात्री लांडगे. पाडसाचं काही झालं तर.

पुढचं वाक्य ती मनातसुद्धा पुरं करत नव्हती.

"अशिमखान, जीपमध्ये मागे जागा आहे?"

"कशाला?"

तिने सांगितलं. सगळंच सांगितलं. आपल्या तोंडून ते ऐकताना तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तरी ती सांगत राहिली. अशिमखान हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"सैगाचं पाडस गाडीत सापडलं तर तुम्हीही आत आणि मीही आत," तो म्हणाला. "पण ते जाऊ दे. मला आधी दाखवा."

दोघं चालत गेले, अक्तोस पुढे. हा कुत्रा लांडग्याच्या अंगावर गेलेला. पाडस दिसायच्या आतच तो थबकला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. पोट जमिनीला लावून पुढचे पाय पसरून तो पडला आणि हनुवटी मातीला टेकवून निपचित झाला. पापणीही हलेना.

अशिमखान कुत्र्याकडे बघत राहिला. मग पलीकडे, झबल्याच्या पांढऱ्या ठिपक्याकडे.

"आपा, चला."

"अरे, पण."

"त्याला उचलायचं नाही. त्या मादीचं आहे ते. झबलंही आता तिचंच." त्याने कुत्र्याला लेकरासारखं उचलून खांद्यावर घेतलं. "तुम्ही आधी तिच्याला घातलंत ना? तुमच्याला नंतर?"

"आमच्याला घातलंच नाही अजून."

अशिमखानने दुसऱ्या हाताने तिचं कोपर धरलं आणि दोघं परत आले.

६

"आपा! आपा, या लवकर!"

सकाळचं ऊन डबा-गाडीच्या दारात आलं होतं. राउशानचा चेहरा फुलला होता. त्या थांबलेल्या बाटलीची काच कडेपासून कडेपर्यंत भरून गेली होती.

"एका रात्रीत, आपा! असं कधी होतं का?"

नागिमाने डोळा लावला. होत नाही. पेशी दाटीवाटीने, एका दिशेने वाहत बसल्या होत्या. सैगाच्या पेशी बघण्यात तिच्या आयुष्याची उमेदीची वर्षं गेली होती. गर्दीत आपलं माणूस पाठीवरून ओळखावं तशा त्या तिला ओळखू यायच्या. या तिने ओळखल्या नाहीत. मग हळूहळू ओळखल्या, आणि तिने डोळा काढला. अशा पेशी तिने शिकत असताना पाहिल्या होत्या, दुसऱ्याच विभागात, जिथे काम माणसांवर चालायचं.

"रंग घालून गुणसूत्रं मोजूया?" राउशान म्हणाली. "दुसऱ्या कुणाची मिसळली असतील तर लगेच कळेल. सैगाची साठ असतात ना?"

"साठ."

"मग मी काचा काढते."

नागिमाने बाटलीचं झाकण उघडलं आणि फरशी पुसायचं जंतुनाशक तिच्यात ओतलं. राउशान किंचाळली. दुधाळ पाण्यात सगळं विरघळेपर्यंत नागिमा बाटली हलवत राहिली, मग ती मोरीत रिकामी केली आणि कोट न घालता बाहेर पडली.

माळावर ती इतकी कधीच धावली नव्हती. तुडवलेल्या गोलाच्या मधोमध गवत दबलेलं होतं, अंगाएवढी जागा. पाडस नव्हतं. झबलं तिथे पसरलेलं होतं, बाह्या पुढे करून, पोटावर. गळ्याशी बंद तसाच बांधलेला, दोन गाठींचा. आतलं काय होतं ते गाठ न सोडताच निघून गेलं होतं.

तिने झबलं उचललं. आतून ते ऊबदार होतं. त्याला दुधाचा वास येत होता.

७

टेकाडाच्या पायथ्याशी अशिमखान जीप घेऊन उभा होता. ती वर पोचेपर्यंत फोनच वाजला.

"आई! अगं, किती वेळ लावतेय मी!" तोल्गानाय एकाच वेळी हसत आणि रडत होती. "वजन वाढलं त्याचं! रात्रीत! डॉक्टर म्हणतात काटा बिघडला असेल, म्हणून दुसऱ्या काट्यावर घातलं, तरी तेच. पेटीतून काढलाय. माझ्या मांडीवर आहे, आई."

नागिमा एका कबरीच्या दगडावर बसली.

"रडतो का गं?"

"मुळीच नाही. इतका शहाणा झालाय. काल रात्रीपर्यंत कुरकुरत होता, आता आवाज नाही. दूध तर असं ओढतो, मला धक्के देतो डोक्याने." ती हसली. "पाठीवर ठेवला तर लगेच पालथा होतो. नर्सबाई म्हणाल्या, एवढ्या लहान मुलाला कसं जमतं? आणि कुणी जवळ आलं ना, की चादरीवर हनुवटी टेकतो आणि गप्प पडून राहतो. डोळे उघडे. पापणीसुद्धा हलवत नाही. सगळ्या बघायला येतात त्याला."

नागिमाने झबलं मुठीत धरलं होतं आणि त्याची ऊब आता जात चालली होती.

"आई, ऐकतेस ना? कपडे घालायला परवानगी दिलीय. तू झबलं घेऊन ये. पहिलं तेच घालायचंय त्याला."

खाली माळावर कळपाची शेवटची टोळी उत्तरेकडे चालली होती. धूळ होती आणि धुळीत पिवळट पाठी. सगळ्यांच्या मागे एक मादी रेंगाळत होती, चार पावलं जाऊन थांबत होती, मागे मान वळवून वाट बघत होती. तिच्या मागून गवतात काहीतरी लहान येत होतं. पडत होतं, उठत होतं, पुन्हा पडत होतं. गवत उंच होतं आणि त्याचं अंग दिसलं नाही. दिसला तो एकदाच, गवताच्या वर आलेला एक हात. किंवा तसंच काहीतरी. मग वारा फिरला आणि त्याच्याबरोबर आवाज आला.

अशिमखाननेही तो ऐकला होता. त्याने टोपी काढली.

"त्यांच्या मागे घे गाडी!" नागिमा वरून ओरडली. "अशिमखान, घे ना गाडी!"

तो हलला नाही. "पाडसं पण कधी कधी अशी रडतात, आपा," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला. इंजिनाची किल्ली त्याच्या हातात तशीच होती. जरा वेळाने त्याने मान हलवली. "आता नाही लागायचं ते हाताला."

मादीने पुन्हा एकदा मागे पाहिलं. मग ती कळपात मिसळली आणि गवत हलायचं थांबलं. आवाज मात्र येत होता, भुकेला, दमलेला, लांब लांब जाणारा.

फोन अजून चालूच होता.

"आई," तोल्गानाय म्हणाली, "तिथे कुणाचं बाळ रडतंय गं?"

नागिमाने फोन दुसऱ्या कानाला लावला, वाऱ्याच्या उलट बाजूला.

"कुणाचं नाही गं," ती म्हणाली. "पाडसं आहेत."